मागचा गडी

तो उलटा चालायचा. इकडे परदेशात, हॉर्नबी उपनगरातल्या आमच्या रस्त्याने कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध-पाव घेऊन यायचा, तोही पाठीमागे पावलं टाकत. तुम्ही पाहिलं असतंत तर पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणाला असतात. मीही तेच म्हणाले.

मग नातीने समजावलं. शेजारचा हा सामोआ बेटांकडचा मुलगा रग्बी सोडून अमेरिकेत त्यांचा फुटबॉल खेळायला चालला होता. त्याची जागा सगळ्यांत मागची, तिला सेफ्टी म्हणतात. समोरचा गडी बाकी सगळ्यांना चुकवून आला की अडवायला हा एकटा. म्हणून समोर नजर ठेवून उलटं पळता आलं पाहिजे.

नातीचं ऐकून तोही मला आजी म्हणायचा. मी दिलेला डबा परत करताना "स्वीट ॲझ, आजी," म्हणजे झकास, काही हरकत नाही. कुंपणाची फळी मोडली म्हणून झापलं तरी "स्वीट ॲझ, आजी."

तो गेला आणि सराव सामन्यांतच संघाबाहेर झाला. कारण ऐकून मला हसू आलं, खोटं कशाला सांगू? त्याने समोरच्यांचा चेंडू हवेत पकडला, धावला, दोघांनी त्याला धरलं. रग्बीत धरलं की चेंडू मागच्या जोडीदाराकडे टाकतात. लहानपणापासूनची सवय. याने न बघता मागे टाकला. मागे कोण असणार? या खेळात तिथे जोडीदार ठरलेला नसतो. समोरच्यांनी उचलला आणि सामना नेला.

परत येऊन तो गोदामात खोकी उचलू लागला. त्याची आई कुंपणापाशी येऊन सांगून गेली, तीन महिन्यांनी दुसऱ्या संघाने चाचणीला बोलावलंय. सवय मोडली नाही तर पुन्हा कुणी विचारणार नाही.

त्याने आम्हा दोघींना कामाला लावलं. तो चेंडू घेऊन अंगणात धावायचा. आई चांगली दांडगी, ती कंबर धरायची. मी मागे उभी राहून ओरडायचं, "दे इकडे!" आणि त्याने द्यायचा नाही. पहिल्या दिवशी दर वेळी दिला. एकदा माझा चष्मा उडाला.

"आवाज आला की हात सुटतो, आजी," तो म्हणाला. हसला नाही.

माझ्या मोडक्या इंग्रजीत मी म्हटलं, "मग चेंडू घेऊन पड. पडण्यात लाज कसली? पण देऊ नकोस."

त्या दिवशी तो "स्वीट ॲझ" म्हणाला नाही. रोज कामावरून आला की अंगणात उतरायचा. मी गोड बोलून मागितलं, रागावून मागितलं, एकदा खोटं रडलेसुद्धा. तिसऱ्या महिन्यात हात सुटेनासा झाला.

चाचणीत त्याला घेतलं. एका सोमवारी सकाळी, तिकडे रविवार होता तेव्हा, आम्ही दोघी टीव्हीसमोर त्याचा सामना बघत बसलो होतो. त्याने चेंडू पकडला, दोघांनी त्याला धरलं. मागून त्याचाच एक जोडीदार हात पुढे करून मागत होता. त्याची आई माझं मनगट आवळून बसली. तो पडला. लोक बाजूला झाले तेव्हा चेंडू त्याच्या पोटाखाली होता.

आता दोन वर्षांचा करार झालाय. पहिल्यांदा गेला तेव्हा आईने त्याची खोली जशीच्या तशी ठेवली होती. परवा बघते तर त्याच्या धाकट्या बहिणीची पुस्तकं आणि कपडे त्या खोलीत चाललेले. मी विचारलं, आला तर झोपेल कुठे?

"सोफ्यावर," ती म्हणाली. "पण एवढ्यात येत नाही तो." आणि त्याचा पलंग खोलीबाहेर काढायला तिने मला हाक मारली.