भिंगसरांनी घातलेला प्रसंग

भिंगसरांचा कुणावर विश्वास नव्हता, हे शाळेत शिपायापासून मोठ्या बाईंपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. सरांना भिंग हे नाव मुलांनी ठेवलं होतं. उत्तरपत्रिका तपासताना ते खरोखरच भिंग घेऊन बसत. शाई मध्येच बदलली का, खोडलेल्या शब्दाखाली कोणता शब्द होता, शेजारच्याचं वाक्य इकडे कसं आलं, हे सगळं बघत. उत्तर बरोबर आहे का, हे सगळ्यात शेवटी.

घरीही तेच. दूध आलं की आधी नाकाशी. तेलाच्या बाटलीवर पेनाने रेघ. थोरली बहीण, ताई, त्यांच्याकडेच राहायची. ती म्हणायची, देवाने तुला डोळे दिले, पापण्या द्यायला विसरला. कधी कधी ती गुपचूप बाटलीत रेघेच्या वरपर्यंत तेल ओतून ठेवायची. मग सर आठवडाभर हैराण. तेल कमी झालं तर चोर शोधता येतो. वाढलं तर कुणाला धरायचं?

सर जन्मापासून असे नव्हते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका मुलाचा निबंध भर सभेत वाचून दाखवला होता. एक वाक्य तर दोनदा वाचलं होतं. निबंध गाईडमधला निघाला. गाईड सगळ्या वर्गाकडे होतं, फक्त सरांकडे नव्हतं. मुलं हसली ते हसली, शिक्षकांची खोलीही हसली. दुधाने तोंड पोळलं आणि सर ताक फुंकू लागले.

शेवटच्या वर्षाच्या वर्गाला ते इंग्रजी शिकवत. त्यात ब्रिटिश साहित्य. तिथे त्यांनी एक युक्ती काढली. दरवर्षी कादंबरीचा सारांश सांगताना एक खोटा प्रसंग मध्ये घालायचा. पुस्तकात नसलेला. ज्याने पुस्तक वाचलं त्याला तो खटकेल. ज्याने नुसता सारांश घोकला तो परीक्षेत तोच उतरवेल. मग त्यावर लाल गोल. याबद्दल त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ताईलाही नाही.

यंदा त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. निवडीच्या पुस्तकांतून अशी जुनी कादंबरी घेतली की तिचं गाईड नाही, ती दुकानात नाही, मोबाईलवरही नाही. एका बंदरावर सराई चालवणाऱ्या विधवेची गोष्ट. शाळेच्या ग्रंथालयात तिच्या प्रती होत्या. मागे मुलांनी पानं फाडली होती, म्हणून त्या सरांनी आपल्या कपाटात कुलूपबंद केल्या. हवं त्याने माझ्यासमोर बसून वाचावं, असं वर्गात जाहीर केलं. भिंगासमोर बसायला कोण येणार? कुणी आलं नाही. सर निवडक उतारे वाचून दाखवत, उरलेलं पुस्तक हातात धरून तोंडी सांगत. खोटा प्रसंगही सांगून झाला. विधवा आपल्या बोटातली अंगठी काढून नावाड्याच्या आजारी मुलीला देते.

सराव परीक्षेत त्यांनी त्यावरच प्रश्न टाकला. अंगठीच्या प्रसंगातून विधवेचं औदार्य स्पष्ट करा. सगळा वर्ग सापळ्यात. औदार्याचे पाट वाहिले होते. सर गोल करत गेले. आणि एका उत्तरपत्रिकेवर त्यांचा हात थांबला. तिथे दोनच वाक्यं होती. ही बाई कुणाला काही देत नाही. अंगठीचा प्रसंग कादंबरीत नाही.

उत्तरपत्रिका मनीची होती. मांजरीच्या पावलाने येते-जाते म्हणून वर्ग तिला मनी म्हणायचा. कधी प्रश्न नाही, कधी हात वर नाही.

दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. सरांच्या कपाळावर आठी आली. पुस्तकं कुलपात. किल्ली खिशात. मग हिला कळलं कसं? त्यांनी कपाट तपासलं. प्रती जागच्या जागी होत्या. त्यामुळे संशय फिटला नाही, वाढला. नेऊन परत ठेवणारा चोर जास्त तयारीचा असतो.

त्यांनी मोठ्या बाईंकडे तक्रार केली. मुलीने कपाट उघडलं आहे. सरावाचा पेपरही तिथेच होता, तोही पाहिला असणार. कशावरून, असं बाईंनी विचारलं, तेव्हा ते मोघम बोलले. पुस्तकातला एक तपशील तिला ठाऊक आहे, जो ठाऊक असायला नको. बाईंनी मनीचं अंतिम परीक्षेचं प्रवेशपत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि आईला बोलावलं. चोरी खरी निघाली तर मुलगी यंदा परीक्षेला बसणार नव्हती.

आई हॉस्पिटलात कामाला होती. तिथे सगळे तिला मावशी म्हणत. ती कामाची पाळी संपवून तशीच आली, अंगाला फिनेलचा वास. बाईंनी काय झालं ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सरांकडे वळली.

"आमच्या घरात साखरेचा डबा उघडा असतो, सर. कुलूप तुमच्याकडे असतं."

बाईंनी मनीची उत्तरपत्रिका मागवून वाचली होती. आईशेजारी उभ्या मनीला त्यांनी विचारलं, तू पुस्तक वाचलंस? मनी नाही म्हणाली. मग अंगठीचा प्रसंग नाही, असं लिहिलंस कशावरून? मनीने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली, बोल.

"सरांनी जे वाचून दाखवलं, त्यात ती बाई पाहुणा गेला की मेणबत्तीचं थोटूकसुद्धा काढून ठेवते. ती अंगठी देऊन टाकेल, हे मला पटेना." मग जरा थांबून म्हणाली, "आणि बाकीचं सांगताना सर पुस्तकात बघत होते. ते सांगताना आमच्याकडे बघत होते."

बाई हळूच सरांकडे वळल्या. तो प्रसंग पुस्तकात आहे की नाही, एवढंच त्यांनी विचारलं.

फार नीटनेटका खुलासा आहे हा, असं सरांचं मन म्हणत होतं. पढवलेला असेल. त्यांनी मनीलाच विचारलं, शेवटी ती बाई काय करते ते सांग. शेवटचा भाग त्यांनी वर्गात अजून उघडला नव्हता. बरोबर सांगितलं तर चोरी सिद्ध.

मनी विचारात पडली. आपण इथे कशासाठी उभे आहोत हे ती विसरली असावी.

"सराई विकून टाकते. आणि पहिल्या बोटीने निघून जाते. आता तिला तिथे धरून ठेवणारं कुणी नाही."

साफ चूक. कादंबरीतली बाई कुठेच जात नाही. शेवटच्या पानावर ती सराईच्या भिंतीला चुना लावत असते.

मुद्दाम चुकली असेल, हेही सरांच्या मनात येऊन गेलं. पण मनी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. बरोबर आहे का, सर? काय होतं मग? तिला ते खरंच हवं होतं. गोष्ट अर्ध्यावर सोडून उठावं लागलेल्या माणसाचा चेहरा असतो, तसा तिचा झाला होता. सरांनी असा चेहरा वर्गात कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. पाहिला असेलही. तेव्हा ते शाई बघत होते.

बाईंनी पुन्हा विचारलं. सर, आहे की नाही?

आता एकच शब्द बोलायचा होता. 'आहे' म्हटलं असतं तर मुलीचं उत्तर नुसतं चुकीचं ठरलं असतं. गुण गेले असते, चोरीचा आळही गेला असता, आणि सरांची अब्रू जागच्या जागी राहिली असती. कुणी पडताळून बघणार नव्हतं. पुस्तकं त्यांच्याच कपाटात होती.

"नाही," सर म्हणाले. "मी घातला. मुलं वाचतात का ते बघायला."

बाईंना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "पुस्तकं तुम्ही कुलपात ठेवलीत. मग सापळा कुणासाठी लावलात?"

सरांना हे खरोखरच सुचलं नव्हतं. इतक्या बाजूंनी विचार करणारा माणूस, पण ही बाजू राहून गेली होती. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाईंनी ड्रॉवर उघडून प्रवेशपत्र आईच्या हातात दिलं. आईने ते पुढून-मागून पाहिलं, पर्समध्ये घातलं. जाताना तिने दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर सरांना बरं वाटलं असतं.

वर्गाला तुम्हीच सांगायचं, असं बाईंनी बजावलं. दुसऱ्या दिवशी सर पुस्तकांचा गठ्ठा घेऊन वर्गात गेले आणि मुलांना प्रती वाटल्या. मग सांगितलं, वहीतला अंगठीचा प्रसंग खोडा. तो लेखकाचा नाही, माझा आहे. प्रश्नाचे गुण सगळ्यांना मिळतील.

त्यांना वाटलं होतं, मुलं हसतील. पहिल्या वर्षासारखी. त्याची त्यांनी रात्रभर तयारी केली होती. कुणी हसलं नाही. पेनं सरसर चालली. मागच्या बाकावर एक मुलगा होता, सतत बडबडतो म्हणून त्याला रेडिओ म्हणत. तो उभा राहिला. आज तो अगदी हळू बोलला.

"सर, बाकीचं खरं आहे ना?"

"खरं आहे," सर म्हणाले.

रेडिओ मान डोलावून खाली बसला. मग त्याने समोरची प्रत उघडली, पहिलं पान काढलं, आणि वहीत उतरवलेल्या सरांच्या सारांशाची पहिली ओळ त्याच्याशी ताडून बघू लागला. शेजारच्यानेही तेच केलं.