टायगरचा पट्टा

प्रयागबाईच्या गळ्यातला खिळ्यांचा पट्टा आधी टायगरचा होता. टायगर म्हणजे तिच्या भावाचा, भिमाजीचा कुत्रा. एका संध्याकाळी गोचीड काढायला म्हणून भिमाजीने त्याचा पट्टा सोडला आणि तो परत बांधायच्या आत बिबट्याने टायगरला गोठ्यासमोरून उचलून उसात नेलं. बिबट्याने मान धरू नये म्हणून केलेला पट्टा खुंटीवर राहिला.

प्रयागबाई भिमाजीची थोरली बहीण. तिला आणे गावात दिली होती. मूल झालं नाही, नवऱ्याने दुसरी केली आणि हिला चार दिवसांसाठी म्हणून माहेरी आणून सोडलं. त्याला तीस वर्षं होऊन गेली. मळ्यातल्या त्या घरात गोठ्याला लागून असलेली पडवी तिची. शेणघाण तिची, चारा तिचा, गोवऱ्या तिच्या. भावजयीने, अंबाबाईने, तिला कधी घराबाहेर काढलं नाही, कधी उपाशीही ठेवलं नाही. फक्त वाढताना म्हणायची, "वन्सं, येकच घ्या भाकर. दुसरी तुमाला पचत न्हाई." इतक्या वर्षांत प्रयागबाईलाही वाटायला लागलं होतं, की आपल्याला दुसरी पचत नसावी.

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत पालकांची सभा भरली. सोपान गुरुजी दर सत्राला सभा घेत आणि तीन गोष्टी सांगत: मुलं किती वाचायला लागली, मुलं मनाने कशी आहेत आणि मुलं सुरक्षित आहेत का. त्या वेळी त्यांनी तिसरी गोष्ट आधी घेतली. पलीकडच्या वाडीत एका पोराला बिबट्याने ओढलं होतं. आजूबाजूला माणसं होती म्हणून पोर वाचलं.

"तेव्हापासून मळ्यातली निम्मी मुलं येत नाहीत," गुरुजी म्हणाले. "येतात ती संडासला एकटी जात नाहीत. पुस्तक उघडतात आणि खिडकीकडे बघत बसतात. वाचन कुठून होणार?"

मळ्यापासून शाळेपर्यंत कालव्याच्या कडेची वाट आणि दोन्ही अंगांना ऊस. मुलांनी ओळीत यायचं, पुढे एक मोठं माणूस, मागे एक, असं ठरलं. पुढे चालायला आया पाळीपाळीने तयार झाल्या. बिबट्या मागून येतो हे सगळ्यांना माहीत होतं.

"माझ्या पदरात दोन ल्हान हायेत," एकजण म्हणाली.

"मला बीपी हाय," एक बाप्या म्हणाला.

"बिबट्याला गोळी दे तुझी," दुसरा म्हणाला. थोडं हसणं झालं.

मग अंबाबाई म्हणाली, "आमच्या वन्सं चालतील की मागून. त्यांच्या मागं रडाया कोन हाय?"

यावर कोणी हसलं नाही. सगळ्यांना ते पटलं होतं. गुरुजींनी मान खाली घालून कागद सारखे केले. प्रयागबाई सभेला आलीच नव्हती. तिला बोलवायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी भिमाजीने खुंटीवरचा पट्टा काढला. "आक्का, मान वर कर." बक्कल बसेना, तेव्हा त्याने दाभणाने नवं भोक पाडलं. "टायगरपरीस बारीक हाय तुझी मान," तो म्हणाला.

खिळे बाहेरच्या बाजूने होते. पदर डोक्यावर घेतला की फाटायचा. आयुष्यात कधी बोडक्या डोक्याने बाहेर न पडलेली प्रयागबाई हातात काठी घेऊन, डोकं उघडं टाकून पोरांच्या मागून चालू लागली. वाटेत भेटणाऱ्या बाया म्हणायच्या, "म्हातारपनी फॅशन सुचली का ओ आत्या?"

पुढे चालणारी आई मुलांना शाळेत सोडून कोणाच्या तरी मोटरसायकलवर घरी परतायची. प्रयागबाईसाठी कोणी थांबत नसे आणि एकटीने त्या वाटेने यायचं नाही, म्हणून शाळा सुटेपर्यंत ती शाळेच्या ओट्यावरच बसून राही.

पहिले काही दिवस ती अंग चोरून बसली. मग शाळेच्या खिचडीचे तांदूळ निवडू लागली. दुपारी मुलांच्या पंगतीला बसवून तिला खिचडी वाढली. ताट रिकामं झाल्यावर विचारलं, "अजून?" तिने इकडेतिकडे बघितलं आणि ताट पुढे केलं. ती तिला पचली.

भिमाजीची नात श्रेया दुसरीत होती. बाप भरत आळेफाट्याला गॅरेजात, घरी राज्य आजीचं. गुरुजींनी फळ्याजवळ उभं केलं की पोरीचं तोंड मिटून जायचं. एक दिवस ती पुस्तक घेऊन ओट्यावर आली.

"आत्याआजी, तुला येतं का वाचाया?"

"न्हाई बा."

"मंग मी चुकले तरी तुला कळनार न्हाई?"

"मला कसं कळंल?"

श्रेया टेकून बसली आणि वाचू लागली. अडखळली, पुढे गेली, परत मागे आली. प्रयागबाई हूं हूं करत राहिली. चार दिवसांत आणखी दोघं आली, मग मधल्या सुट्टीत ओट्यावर रांगच लागू लागली. गुरुजींनी ते बघितलं आणि चालू दिलं. मुलं वाचत होती.

एकदा वाचता वाचता थांबून श्रेया म्हणाली, "आजी म्हनती, तुला बिबट्यानं नेलं तर पट्टा बी जाईल. लई मजबूत पट्टा हाय."

"हाय खरा," प्रयागबाई म्हणाली. "तू वाच."

संक्रांतीनंतर कालव्याच्या वळणावर लावलेल्या पिंजऱ्यात बिबट्या सापडला. वनखात्याने गाडीत घालून त्याला नेलं. मळ्यात फटाके वाजले. घरी आल्यावर भिमाजीने हात पुढे केला. "आन तो पट्टा. पिल्लू आनतोय मी."

"आन उद्यापास्नं कांद्याच्या खुरपनीला चला वन्सं," अंबाबाई म्हणाली. "लई दिस शाळा झाली."

प्रयागबाईचा हात बक्कलवर गेला आणि तिथेच थांबला.

"दुसरा हाय," ती म्हणाली.

"कोन दुसरा?"

"बिबट्या. काल संध्याकाळी बघितला, वळनाच्या पुढं." मग तिने भर घातली. "मादी हाय. संगं पिल्लं हायती."

पट्टा तिच्या गळ्यात राहिला. पुन्हा पिंजरा आला, झाडाला कॅमेरा लागला. प्रयागबाईचा ओटा तिला परत मिळाला, पण रांग मिळाली नाही. पिल्लांचं ऐकल्यापासून मुलं वाटेने एकमेकांचे शर्ट धरून चालत. ओट्यावर पुस्तक घेऊन कोणी येईना, कारण ओटा उघड्यावर होता. श्रेया पुन्हा मुकी झाली. अंथरूण ओलं करू लागली.

सकाळी ओली गोधडी दिसली की अंबाबाई केरसुणीच्या मुठीने श्रेयाला मारायची. तिची आई, आरती, चुलीपाशी पाठ करून बसायची. सासूच्या हातातली केरसुणी कुठेही वळू शकते हे तिला ठाऊक होतं. भिंतीपलीकडे पडवीत प्रयागबाईला एकेक फटका ऐकू यायचा. सांगून टाकावं असं तिला रोज वाटायचं. मग ती गळ्यात पट्टा बांधायची, काठी घ्यायची आणि मार संपायची वाट बघत दारात उभी राहायची. उशीर झाला तर बाकीची पोरं खोळंबली असती.

मार्चअखेरीला सभा भरली. या वेळी प्रयागबाई ओट्यावर होतीच, म्हणून तिला आत बसवलं. तिच्याशेजारी जरा जागा सोडून बाया बसल्या. खिळे लागतात.

गुरुजींनी वाचून दाखवलं. पौषापर्यंत मळ्यातली सगळी मुलं परिच्छेद वाचत होती. आता त्यातली निम्मी शब्दांवर अडकतात. मुलं दचकतात, डबा खात नाहीत. श्रेयाचं नाव घेऊन ते म्हणाले, की ही मुलगी सर्वांत जास्त मागे गेली आहे.

"रोज बदडती मी तिला, तरी सुधरत न्हाई," अंबाबाई म्हणाली. "गुरुजी, नाव काडून टाका. दुसरा बिबट्या सापडंस्तोवर पोरगी घरी ऱ्हाईल. गोठ्यात हात तरी लागंल."

"आमची बी," मागून कोणी म्हणालं. "पोरींनी काय कलेक्टर व्हायचंय का लगीच?"

श्रेया आईला चिकटून बसली होती. फ्रॉकखाली पोटरीवर वळ उठले होते. प्रयागबाईने ते बघितले. ही आपल्यासारखीच गोठ्यात उभी राहणार, तिच्या मनात आलं.

"प्रयागबाई," गुरुजी म्हणाले, "कॅमेऱ्यात आजवर कोल्ह्याशिवाय काही आलं नाही. तुम्ही नक्की बघितला होतात ना?"

"न्हाई."

"म्हणजे?"

"दुसरा न्हाईच. म्या बघितला न्हाई. पोरीला शाळंत येऊ द्या."

भिमाजी उठून उभा राहिला. "मंग बोललीस कशापाई?"

प्रयागबाईने बराच विचार केला. "ओट्यावर बसाया बरं वाटत व्हतं," ती म्हणाली.

आधी एकजण हसला, मग सगळे हसले. भिमाजी हसला नाही. तो बायांमधून वाट काढत आला आणि सगळ्यांच्या देखत त्याने तिच्या गळ्यातला पट्टा सोडला. सोडताना खिळा त्याच्या अंगठ्यात घुसला. त्याने रक्त तिच्या पदराला पुसलं.

गुरुजींनी कागदाकडे बघत सांगितलं, की मुलांना भीती घालणाऱ्या व्यक्तीला शाळेच्या आवारात येता येणार नाही. मुलांच्या सुरक्षिततेचा नियम आहे. सगळ्यांनी हात वर केले. आरतीनेही केला.

श्रेयाचं नाव शाळेत राहिलं. अंथरूण काही दिवसांनी कोरडं झालं. आत्याआजीशी बोलायचं नाही, ती खोटारडी आहे, हे तिला घरी सांगितलं गेलं आणि तिला ते पटलं. बिबट्याच्या पिल्लांची स्वप्नं तिनेच बघितली होती.

उन्हाळ्यात भिमाजीने पिल्लू आणलं. पट्टा त्याला दाभणाच्या भोकावरही सैल पडला, म्हणून त्याने आणखी एक भोक पाडलं. संध्याकाळी श्रेया पडवीच्या भिंतीला टेकून बसायची, पुढ्यात पिल्लू घ्यायची आणि मांडीवर पुस्तक उघडायची.

"तुला येतं का वाचाया?" ती पिल्लाला विचारायची. "न्हाई ना? मंग आईक."

भिंतीच्या या बाजूला प्रयागबाई गोवऱ्या थापत असे. आवाज मोकळा झाला होता, अडखळत नव्हता. एका जागी तो थांबला, मागे आला आणि पुन्हा पुढे गेला. प्रयागबाईच्या तोंडून हलकेच हूं निघालं.

पलीकडे वाचन बंद झालं. पिल्लाला उचलून श्रेया तिथून उठल्याचा आवाज आला. मग ती दूर, आंब्याखाली जाऊन वाचू लागली. तिथलं काही ऐकू येत नव्हतं.

"वन्सं," घरातून अंबाबाई म्हणाली, "हात चालवा. अंधार पडतोय."