पादरीबाबाचा शेंदूर

बुऱ्हाणपूरच्या जुन्या ख्रिस्ती कब्रस्तानात पादरीबाबा नावाचा एक जागृत देव आहे. निदान मागच्या चैत्रापर्यंत होता. गुडघाभर उंचीचा उभा दगड आणि त्यावर चार बोटं जाड शेंदूर. मलेरियापासून बोर्डाच्या परीक्षेपर्यंत सगळी खाती बाबाकडे होती. देव परदेशी म्हणून काही भाविक नारळासोबत ग्लुकोजची बिस्किटंही ठेवत. चर्चचे फादर जोमोन केरळचे, शांत माणूस. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मास्टरजी, आदमी प्रार्थना ही तो कर रहा है, करने दो."

या बाबाच्या आसपास चाळीस वर्षं झाडू मारणारी बाई म्हणजे धुरपदाबाई. माहेर बहादरपूरचं. केळीच्या बागेत मजुरी करत लहानाची मोठी झाली आणि लोटूशी लग्न होऊन इथे आली. लोटू कब्रस्तानाचा राखणदार. खड्डे खणायचे त्याने, पालापाचोळा काढायचा हिने. लोटू गेला, तेव्हा झाडू आणि चावी दोन्ही हिच्याकडे राहिली. गावात तिला नावाने कोणी हाक मारत नसे, 'कब्रस्तानवाली' म्हटलं की भागायचं. लग्नाच्या पंगतीत तिच्या शेजारचं पान रिकामं राहायचं. घरात कोणाला ताप आला की मात्र तीच शिवाशीव पाळणारी मंडळी बाबाचा अंगारा मागायला तिच्या दारात हजर. ती चुलीतली राख द्यायची आणि लोक बरे व्हायचे, कारण तापाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरायची सवयच असते.

मागच्या वर्षी चर्चच्या जुन्या इमारतीला दीडशे वर्षं झाली म्हणे. 'म्हणे' अशासाठी की कागद कोणाजवळच नव्हता. पण आमच्या गावात कागदावाचून काही अडत नाही. लगेच वारसा समिती निघाली. अध्यक्ष सुधाकरराव, केळीचे व्यापारी. वारशाशी त्यांचा संबंध एवढाच की वडिलांची दोन गोदामं त्यांना मिळालेली. इतिहास लिहायला मला धरलं, कारण मी शाळेत तो शिकवून निवृत्त झालेलो आणि फुकट मिळणारा.

चर्च बांधणारे पहिले पादरी कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी मी त्यांचं तीन पानी चरित्र लिहिलं. त्यात ते भर पुरात घोड्यावरून तापी उतरून आले. सुधाकररावांनी वाचलं आणि म्हणाले, "मास्तर, घोडा पांढरा करा." केला.

मग त्या पादऱ्यांची कबर हवी झाली. लोक ज्याला पादरीबाबा म्हणतात तो दगड पादऱ्याचाच असणार, असा शोध समितीने चहाच्या दुसऱ्या फेरीत एकमताने लावला. ठराव झाला की दगड तिथून उपटायचा आणि चर्चच्या दारात ग्रॅनाइटच्या ओट्यावर, रंगीत दिव्यांखाली बसवायचा. फादर जोमोन एवढंच म्हणाले, "पहले नाम पढ़ लीजिए. पादरी का हुआ तो ले जाइए." शेंदूर उतरवायला रविवार ठरला.

शुक्रवारी सकाळी धुरपदाबाई माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तरी पायरीवरच बसली.

"मास्तर, थो दगड नका हालवू देऊ."

मी तिला वारसा म्हणजे काय ते समजावलं. चांगलं दहा मिनिटं समजावलं. तिने पदराने तोंड पुसत सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं बराबर असीन," ती म्हणाली. "पन थो शेंदूर म्या लावला हाय. बाबागिबा काई नाही. तिथी माही पोर हाय."

मग तिने सांगितलं. शेवंती आठ महिन्यांची होती. श्रावणात तापाने गेली. एवढ्या लहान लेकराला आपल्यात जाळत नाहीत, नदीकाठी नाही तर स्वतःच्या शेतात पुरतात. तापीला पूर आलेला आणि स्वतःचं शेत नाही. लोटूला खड्डा खणायची एकच हक्काची जागा माहीत होती. त्याने कोणाला न विचारता त्या उभ्या दगडाच्या कुशीत पोरीला ठेवलं. ना ती ख्रिस्ती, ना तिच्या नावाचा दगड. जागा विसरू नये म्हणून धुरपदाबाईने मारुतीच्या देवळातून चिमूटभर शेंदूर आणला आणि त्याच दगडाला टिकली लावली.

"चार दिसानं पाहते तं कोनी नारळ ठेयेल!" ती म्हणाली. "म्या काय म्हनू? हटकलं असतं तं सारं सांगा लागलं असतं. मंग पोरीले उकरून काढलं असतं न."

म्हणून ती गप्प राहिली आणि खूण पुसली जाऊ नये म्हणून दर शनिवारी स्वतःच शेंदूर लावत राहिली. शेंदूर दिसला की आमचं गाव हात जोडतं, खाली काय आहे ते विचारत नाही. असा आमचा पादरीबाबा जन्माला आला.

"दगड गेला तं माही पोर कुठी हाय, हे मले तरी कसं समजीन, मास्तर?"

मला लाज वाटली. चाळीस वर्षं इतिहास शिकवला, आणि गावातला एकुलता एक खरा कागद माझ्या पायरीवर बसलेला. पण समितीला सांगायचं माझं धाडस झालं नाही. सांगितलं असतं, तर हिंदू लेकरू ख्रिस्ती जमिनीत कसं, यावर आणखी दोन समित्या निघाल्या असत्या. "बघतो," एवढंच म्हणालो. ती उठून गेली.

रविवारी शंभरेक माणसं जमली. समितीने छिन्नीवाला आणला होता. धुरपदाबाई त्याच्या आडवी उभी राहिली.

"छिन्नी नाही लावाची. शेंदूर म्या चढवला, म्याच उतरवीन."

लोकांना वाटलं, काय ही भक्ती! कोणीतरी जयजयकारही केला. तिने पहाटेपासून दगडाला कोमट तेल पाजलं होतं. तिने शेंदराचा थर दोन्ही हातांनी हलवला आणि नारळाची करवंटी निघावी तशी ती चाळीस वर्षांची खोळ निघून तिच्या मांडीवर आली.

आत अक्षरं काल कोरल्यासारखी. आजूबाजूच्या दगडांवरची नावं पावसाने केव्हाच धुऊन नेली होती. सगळ्या कब्रस्तानात हे एकच नाव शाबूत राहिलं होतं, तेही आमच्या अडाणीपणामुळे.

फादर खाली बसले आणि वाचू लागले. "रोज़ी. रेलवे के एक गार्ड की बेटी. उम्र एक साल दो महीने."

सुधाकररावांनी तरी धीर सोडला नाही. "फादर, वो गार्ड बाद में पादरी बने होंगे?"

"नहीं," फादर म्हणाले. "गार्ड ही थे."

ग्रॅनाइटचा ओटा तिथल्या तिथे रद्द झाला. चौदा महिन्यांच्या पोरीला रंगीत दिवे कोण लावणार? समितीने पादऱ्यांची कबर दुसरीकडे शोधायचं ठरवलं, आणि माझा पांढरा घोडा तसाच बिनस्वाराचा उभा राहिला. भाविक त्याहून लवकर पांगले. नोकरी, लग्न, मुलगा हे सगळं आपण इतकी वर्षं एका दुधपित्या पोरीकडे मागत होतो, हे कोणाला मानवलं नाही. एक जण तर सकाळी ठेवलेला नारळ उचलून पिशवीत घालून घेऊन गेला.

दगड जागच्या जागी राहिला. त्याच्याजवळ धुरपदाबाई आणि मी, दोघंच उरलो. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

"कितली मोठी व्हती म्हने?" तिने विचारलं.

"चौदा महिन्यांची."

तिने बोटांवर महिने मोजले. "मंग तं चालत असीन."

मी मान हलवली.

"चाळीस साल मले भ्या वाटे, मास्तर," ती म्हणाली. "कोन्या परक्या बुढ्याच्या बाजूले पोर निजवली म्हनून." मग ती दगडाच्या कुशीतल्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. "माही तं रांगेच फक्त. बरं झालं. हात धराले कोनी व्हतं तिचा."