तिच्या गाडीचे मागचे ब्रेक

आमची मुलगी गेली तेव्हा तिची गाडी बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधल्या त्यांच्या अपार्टमेंटच्या तळघरात उभी होती. आजारपणात ती कुणी हलवलीच नव्हती. दवाखान्यात जाताना जावयाला मागच्या सीटवर तिच्याशेजारी बसायचं असायचं, म्हणून टॅक्सी बोलवायचे. पावसाळ्यात तळघरात पाणी शिरलं, ओसरलं, पुन्हा शिरलं. गाडीकडे बघायला कुणाला सवड होती?

तिचं सगळं उरकून काही महिने झाल्यावर जावयाचा फोन आला. त्यानं पुण्याला बदली मागितली होती, ती मिळाली होती. तो मूळचा पुण्याचाच. घर रिकामं करून गाडीनंच जाणार होता, त्याआधी आम्हाला भेटायला येतो म्हणाला.

शनिवारी सकाळी आला. बसवनगुडीतली आमची गल्ली अरुंद, गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज येतो. मागच्या चाकांतून लोखंडावर लोखंड खरवडल्यासारखा आवाज येत होता. मी चपला न घालताच बाहेर गेलो. चाकाच्या फटीतून पाहिलं, तर ब्रेकच्या डिस्क गंजानं लाल झालेल्या, त्यांवर खोल चरे. पॅड जवळजवळ संपलेले.

मी बेळगावचा, पण उमेदीची सगळी वर्षं यशवंतपूरच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये गेली. घरच्या गाड्यांचं काम मी कधी बाहेर दिलं नाही. तरी जावई म्हणाला, की वाटेत एखाद्या गॅरेजात दाखवून घेतो, तुम्ही कशाला त्रास घेता. आत गेलो तेव्हा बायको उप्पीट परतत होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “तुम्हीच करा. तेवढाच दिवसभर राहील तो.”

मग आम्ही दोघं रिक्षानं जेसी रोडला, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. दुकानदारानं कन्नडमध्ये विचारलं, गाडी कुणाची? मी म्हणालो, “नन्न मगळदु.” माझ्या मुलीची. कन्नडमध्ये त्यापुढं ‘आहे’ किंवा ‘होती’ लावावं लागत नाही. जावयाला कन्नड समजत नव्हतं. तो नव्या डिस्कचं खोकं दोन्ही हातांनी धरून उभा होता.

खरं सांगायचं तर तोवर आम्ही दोघं कधी एकटे कुठं गेलोच नव्हतो. तो तिला ‘अप्पांना विचार’ म्हणायचा आणि मी तिला ‘जावईबापूंना विचार’ म्हणायचो. ती मधे बसून दोन्हीकडे हसायची. मी त्याला ‘तुम्ही’ म्हणायचो. लग्नात म्हटलं, ते तसंच राहिलं.

गाडी अंगणात घेतली. पुढच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक सोडला, नट सैल करून जॅक लावला आणि खाली स्टँड दिले. चाक काढल्यावर गंजाचा वास आला, जुन्या विहिरीच्या रहाटाला येतो तसा. पॅड पकडणारा कॅलिपर निघेना. दोघांनी मिळून तो सोडवला आणि नळीवर भार येऊ नये म्हणून तारेनं स्प्रिंगला टांगला. जावई सांगेन तसं करत होता. त्याचे हात कीबोर्डवरचे, पण घाई नव्हती. मध्येच एकदा बोट सोललं, त्यानं ते विजारीला पुसलं आणि पुढं कामाला लागला.

डिस्क मात्र चाकाच्या मधल्या तुंब्याला, हबला, अशी चिकटली होती, की तेल सोडून, वाट बघूनही हलेना. मी हातोडी त्याच्या हातात दिली, चारी बाजूंनी फिरवत मारा म्हणालो. तो मारू लागला. काही घावांनंतर डिस्क सुटली, मला दिसलं ती हलताना. तो थांबला नाही. दात आवळून मारतच राहिला. समोरच्या घरातल्या बाई गॅलरीत येऊन बघून आत गेल्या. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मलाही त्याला अडवावंसं वाटेना, कारण दवाखान्यात, स्मशानात, तेराव्याला, कुठंच मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं आणि मनात त्याबद्दल एक अढी धरली होती.

शेवटी मी त्याच्या मनगटावर हात ठेवला. “अरे, सुटली ती. थांब आता.”

तो तिथंच फरशीवर बसला. मीही बसलो. खालून ग्रीसचा ओघळ आला होता, त्याकडे बघत तो म्हणाला, “अप्पा, घरी माझ्या लग्नाचं बोलतायत.”

माझ्या हातात तारेचा ब्रश होता. मी हबवरचा गंज घासायला लागलो. पहिल्यांदा आला तो रागच, त्याच्या आईवडिलांचा. मग त्याचा. मग कुणाचाच नाही. पुरता घासून झाल्यावर मी विचारलं, “तुला काय वाटतं?”

“मला काहीच वाटत नाही. त्याचीच भीती वाटते.”

मी ब्रश खाली ठेवला. मग म्हणालो, “आज नको. पण कर. तिच्या आईला मी सांगेन.”

त्यानं मान हलवली. त्यानंतर आम्ही कामाचंच बोललो. नव्या डिस्कवरचं तेल पुसून त्या बसवल्या. मागच्या कॅलिपरचा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, फिरवत फिरवत दाबावा लागतो, नाहीतर हँडब्रेकची यंत्रणा मोडते. ते काम मी त्यालाच करू दिलं. दुसऱ्या चाकाला त्यानं मला फारसं विचारलंही नाही. बायकोनं मधे चहा आणून दिला. त्याच्या बोटाला हळद लावून गेली.

चाकं चढवून झाल्यावर मी त्याला पेडल दाबायला सांगितलं. पहिल्यांदा ते पार तळाला गेलं आणि तो घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, पुन्हा दाब, दाबत राहा, भरून येईल. हळूहळू पेडल घट्ट झालं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्याचे गुडघे स्टिअरिंगला टेकलेत. मुलगी माझ्यासारखी ठेंगणी होती. सीट अजून तिच्या मापावर होती. पुण्यापर्यंत असा जाणार होतास का, मी विचारलं. मग दार उघडं ठेवून मीच खाली वाकलो, कडी ओढली आणि तो बसलेला असताना सीट मागं सरकवली.

जेवून, विश्रांती घेऊन तो उन्हं उतरायच्या आत निघाला. पाया पडला. बायकोनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. गल्लीच्या वळणावर ब्रेक लागला तेव्हा काहीच आवाज आला नाही.

लग्नाचं मी बायकोला दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, “कळलं होतं मला. हातोडी थांबल्यावर तुम्ही दोघं काय बोललात ते ऐकू आलं.” काड्या बाजूला करत ती पुढं म्हणाली, “बरं केलंत.” मग निवडलेली कोथिंबीर आणि काड्या तिनं एकत्रच कचऱ्यात टाकल्या.

पुढच्या वर्षी त्याचं लग्न ठरलं. स्वतः फोन करून त्यानं आम्हाला बोलावलं. ‘कर’ म्हणणारा मीच, पण तारीख जवळ आली तसा माझा पाय घरातून निघेना. रक्तदाबाचं निमित्त सांगितलं. बायको गेली. बेळगावहून तिचा भाऊ सोबत होता. मी घरी एकटा राहिलो, वर्तमानपत्र उघडायचो आणि तसंच मिटून ठेवायचो.

परत आली तेव्हा हातपाय धुऊन ती पाणी प्यायली. मुलगी चांगली आहे म्हणाली, शांत आहे, शाळेत शिकवते. जावयाचे केस कानाशी पांढरे झालेत म्हणाली.

उभ्या जन्मात सूर्य उगवल्यावर कधी अंथरुणात न राहिलेली माझी बायको दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली. मी तिला उठवलं नाही. कुकर लावला, आमटीला फोडणी दिली, मीठ जास्त पडलं. ती उठून ताटावर बसली आणि तीच आमटी घेऊन जेवली.