उल्हासनगरचा माल

माझा आवाज मोठा आहे. ऑफिसात, रिक्षावाल्याशी, सोसायटीच्या मीटिंगला, सगळीकडे तो माझ्या आधी पोचतो. म्हणून उल्हासनगरच्या त्या दुकानात मी भांडायला शिरले तेव्हा शेठने मला पाहताच खुर्ची पुढे केली. मी बसले नाही.

भांडण ब्लडप्रेशरच्या मशीनवरून होतं. आईला ओट्यापाशी उभं असताना चक्कर आली होती, एकदा नाही, दोनदा. बदलापूरच्या आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळी घरी बीपी मोजा, आकडे आणून दाखवा, मग गोळीचं बघू. मला तेव्हाच धडकी भरली. जांभूळ गावची मावशी, आईची थोरली बहीण, अशीच चक्कर येते, चक्कर येते म्हणत राहिली. कुणी कधी तिचं बीपी मोजलं नाही. एके सकाळी तिची उजवी बाजू गेली ती गेलीच. आई दर रविवारी जाऊन तिला आंघोळ घालून येते. आईचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मशीन आणलं. दंडाला पट्टा गुंडाळला, बटण दाबलं, पट्टा फुगला, सुटला, आणि आकड्याच्या जागी एरर. पुन्हा दाबलं, पुन्हा एरर. कधी आकडा आलाच, तर आत्ता चांगला आणि पाच मिनिटांनी भलताच. आई म्हणाली, उल्हासनगरचा माल, दुसरं काय होणार. शेजारच्या काकूंनीही मान डोलावली. आमच्या सोनिवलीत हे ठरलेलंच आहे. चार्जर जळला, चेन तुटली, नाव उल्हासनगरचं. खरेदीला मात्र सगळे तिकडेच पळतात, मीसुद्धा.

शेठने पहिलं मशीन कुरकुर न करता बदलून दिलं. दुसऱ्या मशीननेही तसाच एरर दाखवला. हेही खोटं निघालं, जा परत देऊन ये, असं आईच मला म्हणाली. मग काय, माझं डोकं फिरलं.

शेठने मला पुरतं बोलू दिलं. मग बाही वर करून ते मशीन स्वतःच्या दंडाला लावलं. आकडा व्यवस्थित आला. एका गिऱ्हाइकाला लावलं, व्यवस्थित. मला लावलं तर आकडा चढलेला, पण एरर नाही. भांडण झाल्यावर एवढं असणारच, पाणी प्या, पुन्हा बघू, असं तो म्हणाला. मला हसू येत होतं, पण मी आवरलं. पाणी प्यायले. आकडा उतरला.

“ताई, तिसरं पण देतो,” तो म्हणाला. “पण हे सगळ्यांना चालतंय. घरी जाऊन एकदा मम्मीची नाडी बघा, हाताने. माझ्या बायकोला असंच झालं होतं.”

परतीच्या रिक्षावाल्याने सांगितलं तेवढं भाडं मी घासाघीस न करता दिलं.

आई तांदूळ निवडत बसली होती. मी तिचं मनगट धरलं. कशाला गं, म्हणत तिने हात सोडवून घ्यायला पाहिलं, मी सोडला नाही. आधी काही सापडेना. मग बोटांखाली लागलं. दोन ठोके घाईघाईने, मग काहीच नाही, मग एक मोठा, मग तीन बारीक. पाणीकपातीनंतर नळाला पाणी येतं ना, आधी हवा, मग एक गुळणी, मग पुन्हा हवा, तसं चाललं होतं.

आईने माझ्याकडे बघितलं नाही.

“मला माहीत होतं गं,” ती म्हणाली. “छातीत कधीपासून फडफडतंय. मशीन खराब आहे म्हटलं की बरं वाटायचं. ताईसारखं पडून राहायचं नाही मला.”

मला तिच्यावर ओरडायचं होतं. तोंड उघडलं आणि रडूच आलं. मग तीच मला म्हणाली, रडतेस काय, आहे ना मी अजून.

अंबरनाथच्या हार्टच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. ठोके अनियमित पडतायत, म्हणाले. अशाने आत रक्ताची गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा. रक्त पातळ करायची गोळी सुरू केली. बीपी त्यांनी स्वतः, कानाला नळी लावून, पुन्हा पुन्हा मोजलं. अशा नाडीपुढे मशीन गोंधळतं, म्हणाले. मी शेठला जाऊन सगळं सांगितलं. यावेळी खुर्चीवर बसले, त्याचा चहाही प्यायले.

रविवारी आईबरोबर मीही जांभूळला गेले. मावशीची आंघोळ झाली, केस विंचरून झाले. मग आई खाटेच्या कडेला टेकली आणि तिने आपलं मनगट मावशीच्या चालत्या, डाव्या हातात दिलं. ताई, माझं पण बिघडलंय, बघ, असं हळू म्हणाली. मावशीने बोटं दाबली. बराच वेळ ती तशीच धरून राहिली.

मावशीचं बोलणं आता नीट उमटत नाही. त्या दिवशी मात्र मला प्रत्येक शब्द कळला.

“गोळी चुकवू नको,” ती म्हणाली.

आई हो म्हणाली. आम्ही निघेपर्यंत मावशीने तिचा हात सोडला नाही.