जळत्या आगगाडीचा सिनेमा आणि बाजूचं दार

अख्खा सिनेमा डोळे फाडून बघायचा, शेवटी टाळ्या वाजवायच्या आणि त्यातलं काहीच डोक्यात शिरू द्यायचं नाही, हे तुम्हा लोकांना जमतं तरी कसं? कुणा एकाला विचारत नाही. ज्याला लागेल त्यानं लावून घ्यावं.

आमच्या कोल्हापुरात सिनेमावर मत नसलेला माणूस मला अजून भेटायचाय. रविवारी सकाळी भाड्याच्या थेटरात परदेशी सिनेमे दाखवणारं आमचं मंडळ तर मतांचं गोदामच! किस्से इतके साठलेत की एक ओढला की बाकीचे अंगावर कोसळतात. त्यातले एकाच सिनेमाचे सांगतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका जुन्या इंग्रजी सिनेमाची प्रिंट आमच्याकडे आली. बोगद्यात अडकलेली आलिशान आगगाडी, तिला लागलेली आग आणि पोस्टरवर त्या काळच्या बड्या नटनट्यांचे डझनभर चेहरे. मंडळात एवढी गर्दी त्याआधी कधी झाली नव्हती.

*

संभा पाटील गडमुडशिंगीचा, बँकेत क्लार्क. त्यानं पोस्टर बघूनच चहाची पैज मारली.

"कोण कधी मरणार, आत्ताच सांगतो! चेहरा जेवढा बारीक, तेवढा लौकर जाणार."

"आणि मोठा चेहरा?"

"त्येला कसा मारतील? इंटरव्हलनंतर मग बघायचं कुणाला?"

पोस्टरच्या कोपऱ्यात एका म्हाताऱ्या आचाऱ्याचा नखाएवढा चेहरा होता. आग लागली आणि पहिला तोच गेला. पडद्यावर माणूस जळत होता आणि संभा अंधारात उभा राहून ओरडला, "चहा!"

थेटर खदखदून हसलं.

*

आमचे समीक्षक वसंतराव. एका स्थानिक दैनिकात त्यांचं सदर होतं आणि इंटरव्हलला घरी जायची त्यांची पद्धत होती. विचारलं तर म्हणायचे, "भाताची परीक्षा करायला आख्खं भांडं खायचं असतं होय?"

या सिनेमाबद्दल त्यांनी लिहिलं, 'नटांची गर्दी आहे, पण आग प्रतीकाच्या पातळीवर पोचत नाही.'

पुढच्या रविवारी चन्नाप्पा अण्णांनी त्यांना जिन्यातच गाठलं. अण्णा जयसिंगपूरचे धान्याचे व्यापारी, सकाळच्या एसटीनं खास सिनेमासाठी यायचे. त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "वसंतराव, आग कुठवर पोचायला पाहिजे हुती?"

वसंतराव त्यांच्याशी महिनाभर बोलले नाहीत!

*

अण्णांना दमा होता. थेटरातली त्यांची जागा ठरलेली, बाजूच्या दाराला लागून असलेली शेवटची खुर्ची. "फटीतनं वारं येतंय, तम्मा," असं मला म्हणायचे; तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. मी त्यांच्या शेजारी बसायचो.

या सिनेमात एक गार्ड आहे. साध्या डब्यातली माणसं आलिशान डब्यांत घुसू नयेत म्हणून तो मधल्या दारांना कुलपं घालतो. आग लागल्यावर माणसं आतून दारं बडवतात आणि गार्डाचा पत्ता नसतो. त्या सीनला आमच्या थेटरानं गार्डाला ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिता येणार नाहीत. सगळ्यात मोठा आवाज मागं उभ्या असलेल्या दादू डोअरकीपरचा.

"आरं उघड की मुडद्या! माणसं हाईत आत, जनावरं न्हाईत!"

दादू अक्षरशः उड्या मारत होता. त्याच्या कमरेला चाव्यांचा जुडगा खुळखुळत होता.

अण्णांनी माझा हात धरला आणि शेजारच्या दाराकडं बोट केलं. त्याला आतून कुलूप होतं. सिनेमा सुरू झाला की दादू ते लावायचा. दार उघडं राहिलं तर गल्लीतली माणसं फुकटात आत येतात, म्हणून तसा रिवाजच होता.

"तम्मा," अण्णा हळूच म्हणाले, "ह्या गार्डाला कोण बोलायचं?"

*

सिनेमा सुटल्यावर मीच बोललो.

"दादू, तू आत्ता कुणाला शिव्या देत होतास? आपलं दार बंदच आहे की!"

"सायेब, त्यो सिनेमा हाय. हितं कुठं बोगदा हाय?"

मॅनेजर म्हणाला, मालकांचा हुकूम आहे. म्हणून मी मंडळाच्या मीटिंगमध्ये ठराव मांडला, कुलूप निघाल्याशिवाय या थेटरात शो करायचा नाही. त्याआधी चर्चेला विषय होता 'दिग्दर्शक निराशावादी आहे काय?' त्यावर सगळे भांडभांड भांडले. दाराची पाळी आली तेव्हा निम्मे लोक चपला शोधत होते.

"पुढच्या मीटिंगला घेऊ," अध्यक्ष म्हणाले. "तुमचं रक्त अजून गरम आहे."

आणि वसंतराव चष्मा पुसत म्हणाले, "एवढ्या मोठ्या कलाकृतीतून तुम्ही घेतलंत काय, तर दार!"

*

लोकाग्रहास्तव तोच सिनेमा पुन्हा लावला. शो सुरू होण्याआधी मी दादूला बजावलं, आज कुलूप नको. तो "व्हय व्हय" म्हणाला, आणि दिवे जाताच सवयीनं कुलूप लावून समोरच्या गाड्यावर चहाला गेला.

बोगद्याचा सीन आला आणि मागून खरा धूर यायला लागला. मुख्य दारावरच्या पंख्याची वायर जळाली होती.

"आयला, धूर पण सोडलाय की!" कुणीतरी ओरडलं. शिट्ट्या पडल्या. टाळ्या पडल्या.

अण्णा खोकायला लागले. पुढच्या रांगेतून आवाज आला, "श्श! अण्णा, सिनेमा बघू द्या की!"

मी "आग, आग" म्हणून ओरडलो, तर लोक हसले. मग मुख्य दाराचा पडदा पेटला. तेव्हा सगळे बाजूच्या दाराकडं धावले आणि ते बडवू लागले. ऑपरेटरनं मशीन बंद केलं नव्हतं. पडद्यावर ती माणसं दार बडवत होती, इथं आम्ही. कुठला आवाज कुठला ते कळत नव्हतं.

शेवटी संभा पाटलानं एका मोडक्या खुर्चीचा लोखंडी पाय उपसून कुलपावर घातला. एका दणक्यात कुलूप तुटलं. सगळे बाहेर पडले. अण्णांना आम्ही उचलून गल्लीत आणलं तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते.

त्यांनी दवाखान्यात आठवडाही काढला नाही.

जयसिंगपूरला घरच्यांना भेटायला गेलो. त्यांच्या बायकोनं, नीलाक्कांनी, मला एवढंच विचारलं, "ते दाराजवळच बसत हुते न्हवं?"

*

वसंतरावांनी पुढच्या सदरात लिहिलं, 'त्या सकाळी प्रेक्षक आणि कलाकृती यांच्यातलं अंतर मिटलं.' मंडळात त्या वाक्याचं फार कौतुक झालं.

*

काही महिन्यांनी थेटर पुन्हा सुरू झालं. नवा रंग, नवे पंखे, नवा पडदा. पहिल्या रविवारी मंडळानं अण्णांना श्रद्धांजली वाहिली, उभं राहून, डोळे मिटून. मग एक विनोदी सिनेमा होता. दिवे गेले तसा मी उठलो आणि अण्णांच्या खुर्चीजवळ गेलो.

दाराला कुलूप होतं. मुठीएवढं, पितळी.

"दादू!" मी भर थेटरात ओरडलो. "हे काय आहे?"

दादू धावत आला. त्यानं कुलूप दोन्ही हातांनी ओढून बघितलं, मला पण ओढून बघायला लावलं, आणि समाधानानं म्हणाला, "सायेब, जुनं लई हलकं हुतं. संभा पाटलाच्या एका दणक्यात तुटलं की! म्हणून मालकांनी ह्ये मजबूत बसवून घेतलंय."