साडूभाऊंचं छत

वर्षानुवर्षं बारमध्ये जाऊन एकदाही न प्यालेला माणूस आख्ख्या संभाजीनगरात एकच आहे आणि तो माझा थोरला साडू आहे. छावणीतला तो बार इंग्रजांच्या काळातला. जाडजूड दगडी भिंती, वर लोखंडी गर्डर आणि गर्डरांच्या मधे विटांच्या बुटक्या कमानी. बाकीचे तिथं प्यायला जात. आमचे साडूभाऊ पडेगावहून स्कूटर दामटत छत बघायला येत. सोडा मागवायचा आणि शेजारच्या टेबलावरच्या परक्या माणसाला दटावायचं, "वर बघा, पाव्हणं! चुना हाय त्यो, सिमेंट नाय." चढलेला माणूस वर बघता बघता खुर्चीसकट उलटा व्हायचा आणि साडूभाऊंना वाटायचं, भारावला बिचारा. लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी बायकोलाही तिथंच नेलं. मेहुणी पुढं आठवडाभर बोलली नाही.

एकदा लासूर स्टेशनच्या सोयऱ्यांनी त्यांना बारमधून बाहेर पडताना पाहिलं आणि साडूभाऊंच्या मुलीचं जमत आलेलं लग्न अडलं. "म्या छत बघाया जातो," हा यांचा खुलासा. इतकं खरं बोलून इतका खोटारडा दिसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. शेवटी त्यांनी सोयऱ्यांनाच आत नेऊन छत दाखवलं. लग्न झालं, व्याही मात्र तिथलं कायमचं गिऱ्हाईक होऊन बसले.

मग मालकाच्या डोक्यात आलं, की कमानींखाली पीओपीचं खोटं छत ठोकायचं आणि त्यात रंगीत दिवे सोडायचे. साडूभाऊंचं अन्नावरचं मन उडालं. कचेऱ्यांचे उंबरे झिजवून त्यांनी इमारतीला वारसा वास्तूचा दर्जा मिळवून दिला आणि पेढे सगळ्यांत आधी मालकालाच नेऊन दिले. तो पेढा हातात धरून म्हणाला, "साहब, अब इधर कील बी नै ठोक सकते. बैठके क्या कमानां खाऊँ?" थोड्याच दिवसांत त्यानं बार बायपासला हलवला. इथं कुलूप लागलं. छत वाचलं, पण ते बघायची सोय राहिली नाही.

परवा भरदुपारी साडूभाऊ त्या बंद दाराशी दिसले. फटीला गाल लावून उभे होते. आयुष्यभर मी या माणसाची टर उडवली, पण तेव्हा मी जाऊन शेजारी उभा राहिलो.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"दिसत काय बी नाय. पर गारवा येतोय बघा, भिंतींचा."

मी फटीशी हात धरला. रस्त्यावरच्या उन्हाशिवाय मला काही लागलं नाही.

"येतोय की," मी म्हणालो.